पातळी

कुहीहून एसटी निघाली तेव्हा धुकं होतं,
आंभोऱ्याला उतरले तर ऊन,
असं ऊन की डोक्यावरचा पदरही तापतो.
परतीचा पाऊस तीन दिवसांमागे
छत्री विसरलेल्या पाहुण्यासारखा मागे फिरला,
अर्धा तास थांबला
आणि कापायला आलेलं हलकं धान लोळवून गेला.

मी गेज वाचायला येते.
महिन्यातून दोनदा. वही, पेन,
आणि ऑफिसचं नारिंगी जाकीट,
ज्यानं अजून कुणाला वाचवलेलं नाही
कारण अजून कुणी पडलं नाही.

झिबल डहारेचा डोंगा आता मोटारबोट झालाय.
निळं छत, सहा खुर्च्या, एक हलते.
रविवारी नागपूरची माणसं येतात,
पुलाखालून वळसा, दीडशे रुपये.
आज मंगळवार, तरी धरमपेठेतलं एक जोडपं आहे:
गोखुले नावाचे गृहस्थ, पांढरे बूट,
आणि त्यांची बायको, जी बोटीत पाय ठेवल्यापासून
हात पाण्यात घालून बसलीय.

"इथली काही खास वाइन मिळते म्हणे?"
झिबल माझ्याकडे बघतो.
मी सरकारी माणूस.
मी चक्रवाकांकडे बघते. कालच आलेत, दोनच.

पाच नद्यांचं पाणी इथे एक होतं.
कन्हान आपल्यासोबत नागपूरही घेऊन येते:
जलपर्णी, फेस, एक वास
जो गृहस्थ रुमालाआड धरतात.
मी काही बोलत नाही.
मी महालात राहते. माझ्या खरकट्या भांड्यांचं पाणी
माझ्याआधी पोचलेलं असतं, तेही फुकट.

मग मधेच झिबल इंजिन बंद करतो.
इथे खाली त्याचं गाव आहे.
गावठाणाचा नकाशा माझ्या टेबलामागच्या कपाटात,
कडेनं फिकट निळी शाई.
मी दर वेळी या शांततेत मान खाली घालायचे,
आज विचारलंच.
"नाय जी म्याडम, दुसरं काई नाय.
शिंगाड्याचा येल पंख्यात गुतते."

खांबावरचे आकडे जलपर्णीनं झाकलेत.
वल्ह्यानं बाजूला सारून वाचते:
दोनशे त्रेचाळीस पॉइंट सात.
"सात कुठचं? सहा."
आणि तो बोट दाखवतो
पाण्यातून वर आलेल्या वाळक्या मोहाकडे:
पानं नाहीत, साल नाही, एक पाणकावळा आहे.
"दुसरी फांदी उघडी पडली म्हंजे सहा.
तिसरी दिसली का दिवाळी."

त्या झाडाला डोंगा बांधून
उकडलेले शिंगाडे निघाले, हिरव्या काळ्या सालीचे,
आणि एक प्लास्टिकची बाटली, लेबल सोललेली.
दुसऱ्या कुठल्या मोहाची फुलं,
चैतात वेचलेली, ऊन खाऊन मनुक्यासारखी झालेली,
परवा रात्री भट्टीला लागलेली.
गृहस्थांनी हुंगली, घोट घेतला, खोकले,
"नोट्स स्ट्राँग आहेत," म्हणाले.
बाईंनी झाकणातून घेतली. तोंड वाकडं केलं नाही.
झाकण पुन्हा पुढे केलं.
"तीस वर्षांत हिनं कधी..." गृहस्थ म्हणाले,
आणि वाक्य तसंच ठेवून
बूट काढायला लागले.

मी घेतली की नाही, ते वहीत नाही.
वहीत आहे: वारा नाही, आकाश निरभ्र,
पातळी दोनशे त्रेचाळीस पॉइंट सहा पाच.
अकरा वर्षांच्या नोकरीत
दशांशानंतरचं दुसरं घर
मी पहिल्यांदाच भरलं.

उरलेली बाटली झिबलनं माझ्या पिशवीत
शिंगाड्यांखाली सरकवली.
दोन दिवसांनी ती मी मोरीत विसळली,
तीनदा, तरी वास राहिला.
पाणी गेलं:
नाग नदीत, तिथून कन्हानला,
तिथून त्याच्या हलत्या खुर्चीखाली.
किती दिवसांत पोचतं,
याचं रजिस्टर आमच्याकडे नाही.